कराचीतलं देवघर

कराचीत ईदी फाउंडेशन या समाजसेवी संस्थेच्या आश्रयगृहात काही वर्षं एक छोटं देवघर होतं. तिथे पूजा करणाऱ्या मुलीला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. लहानपणी ती भारतातून चुकून लाहोरला पोचली आणि पुढे या आश्रयगृहात आली. कुणाची, कुठली, काही कळेना. तिला सांभाळणाऱ्या बिल्किस ईदींनी आधी तिचं नाव मुसलमानी ठेवलं होतं. पोर हिंदू आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी ते बदललं आणि तिच्यासाठी देवांच्या तसबिरी लावून दिल्या.

दहा वर्षांहून अधिक काळ ती तिथे वाढली. २०१५ च्या ऑक्टोबरात ती भारतात परतली, तेव्हा बिल्किस तिला पोचवायला दिल्लीपर्यंत आल्या. भारत सरकारने देऊ केलेली एक कोटीची देणगी ईदी फाउंडेशनने नम्रपणे नाकारली. ही संस्था कुठल्याच सरकारकडून पैसे घेत नसे. पुढे २०२१ मध्ये त्या मुलीची आई महाराष्ट्रात सापडल्याची बातमी आली. म्हणजे आपलीच लेक तिथे वाढत होती.

ती पाकिस्तानात वाढत होती त्याच काळात, नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईवर हल्ला करणारे दहा जण कराचीच्याच किनाऱ्यावरून निघाले. १६६ माणसं गेली. त्या मारेकऱ्यांना पाठीशी घालणाऱ्यांचा संताप यायलाच हवा, आणि तो माझ्या मनातून गेलेला नाही. पण तो संताप अख्ख्या शहरावर ओतायचा म्हटलं, की त्या देवघराचं काय करायचं?

सामान्य माणसं सगळी भली असतात, असं मी म्हणणार नाही. अनाथ, टाकून दिलेल्या बाळांना पदरात घेतल्याबद्दल ईदी दांपत्याला त्यांच्याच देशात धर्मगुरूंनी दूषणं दिली. द्वेषाच्या सभांना गर्दी करणारीही चारचौघांसारखीच माणसं असतात, दोन्हीकडे. तरीही चुकलेलं लेकरू दारात आलं की परराष्ट्र धोरण विचारून कुणी भाकर वाढत नाही. सरकारला वैर करायला नकाशा पुरतो. समोर बसलेल्या माणसाशी ते करायचं तर आधी त्याचा चेहरा विसरावा लागतो.

आज दोन देशांमधली समझौता एक्स्प्रेस रेल्वे बंद आहे, २०१९ पासून. अटारीची सीमाचौकीही एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या मात्र देतात. पाकिस्तानकडच्या यादीत आपल्या पालघरचे मच्छीमारही असतात. सागरी हद्द ओलांडली म्हणून धरलेले. त्यांच्यातले काही यापूर्वी सुटले, तेव्हा कराचीच्या मलीर तुरुंगापासून वाघा सीमेपर्यंत त्यांच्या प्रवासाची सोय ईदी फाउंडेशनच्याच माणसांनी केली होती.