भोग कुणाचे?

फिट येणाऱ्या माणसाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगूनच संपवायचे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीमागे माझी सारी नोकरी गेली, आणि गळ्यात माळही आहे. त्यामुळे या वाक्याची चेष्टा मला करवत नाही. पण त्याचा हिशोब जुळत नाही.

फेनोबार्बिटोनची गोळी १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे. औषध नियमित मिळालं तर दहांतल्या सातजणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग बागायतदाराच्या मुलाचे भोग शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरकडे गेल्यावर संपतात आणि ऊसतोडीच्या बाईचे संपत नाहीत, हे कसं? तिचा केसपेपर बीडकडच्या गावात, ती कोयता घेऊन कोल्हापूरकडच्या फडात. गोळी एकदम तुटली की झटके जोरात उलटतात, कधी थांबतच नाहीत. मुकादम म्हणतो, बाहेरचं आहे. भगत कोंबडं मागतो. त्या पैशात किती गोळ्या आल्या असत्या, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? ती गावी परतली तेव्हा आमच्याच खिडकीवर गोळ्या नव्हत्या.

आणखी एक. डुकरातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, तिथून कच्च्या भाजीवर येतात. पोटात गेली की अळी मेंदूत गाठ करून बसते. मांसाला कधी न शिवलेल्या माळकऱ्यालाही त्यातून फिट येऊ शकते. याला कर्म म्हणायचं तर म्हणा. पण ते गावच्या हागणदारीचं, आणि याच जन्मातलं.

माणूस सोसतो ते सगळं पूर्वकर्मानेच का, असं सीवक परिव्राजकाने बुद्धांना विचारल्याचं संयुत्तनिकायात आहे. बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी कारणं मोजली. कर्म त्यातलं एक, तेही शेवटी. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये डॉ. आंबेडकरांनी नेमकं बोट ठेवलं : पूर्वकर्माचा सिद्धांत मानला की गरिबाच्या दशेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते.

आमच्या कीर्तनकार महाराजांना मी हे विचारलं. ते म्हणाले, रोग कर्माने येतो, औषध देणं माणसाच्या हातात. उत्तर चांगलं आहे. मी म्हटलं, महाराज, मग न देणाऱ्याचंही कर्म सप्ताहात सांगा : मागणीपत्र दाबून ठेवणारा, पदं रिकामी ठेवणारा, लग्नासाठी पोरीची फिट लपवून गोळ्या बंद करणारा बाप. महाराजांनी विषय पंगतीच्या बुंदीवर नेला.