जुळ्यांच्या सह्या

डूगल रॉबर्टसन या स्कॉटिश गृहस्थानं इंग्लंडमधला आपला दुधाचा धंदा मोडून 'ल्यूसेट' ही ४३ फुटी, पन्नाशीला आलेली शिडाची नौका घेतली आणि जानेवारी १९७१ मध्ये बायको नि चार मुलांसह जगप्रवासाला निघाला. आमच्या बँकेत असा अर्ज आला असता तर मी तारणाच्या रकान्यापाशीच अडवला असता. वसुलीला जायचं म्हणजे पोहता यायला हवं!

अशा कौटुंबिक नौकेत टेबल खाली केलं की बिछाना होतो, पायऱ्या काढल्या की इंजिन दिसतं. आम्हा चाळकऱ्यांना याचं कौतुक नाही. एकाच खोलीत जेवण, अभ्यास, बाळंतपण सगळं झालंय. (इंजिन तेवढं नव्हतं.) पण भांडण झालं की चपला सरकवून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत जाता यायचं. भर समुद्रात रुसून जायचं कुठं? फार तर डोलकाठीवर!

ज्याला उतरता येत नाही, त्याचा होकार खरा मानायचा का? थोरली ॲन बहामात उतरली. धाकटे जुळे कुठं उतरणार?

जून १९७२ मध्ये पॅसिफिकमध्ये किलर व्हेलच्या धडकांनी ल्यूसेट बुडाली. वाटेत घेतलेल्या एका पाहुण्यासह सहा जणांनी ३८ दिवस काढले. त्यातले शेवटचे तीन आठवडे ९ फुटी होडीत. एकानं कूस बदलायची तर पाचांना विचारून! अखेर जपानी मच्छीमारांनी सर्वांना वाचवलं.

म्हणजे बापाचा निर्णय बरोबरच होता, असं आमचे साहेब म्हणतात. फिटलेलं कर्ज ते चांगलं कर्ज, हा त्यांचा सिद्धांत. मी अजून त्या अर्जावर जुळ्यांच्या सह्या शोधतोय.