हाकेला ओ, पण कुणाच्या?



हाकेला ओ न देणं पाप का? दारी आलेल्याला आपण विन्मुख पाठवत नाही. त्याच सवयीनं मिस्ड कॉल दिसला की घरातली ज्येष्ठ मंडळी लगेच उलट फोन लावतात. काहींचा धंदाच यावर चालतो. एक रिंग द्यायची नि कट करायचं. जपानीत याला ‘वांगिरी’ म्हणतात. नंबर ट्युनिशियाचा +२१६, बुरुंडीचा +२५७, असा कुठला तरी. आपण फोन केला की मिनिटामागे भारी दर लागतो, त्यातला वाटा भामट्याला. म्हणून तर पलीकडे नुसतं संगीत वाजत ठेवतात!

लॉटरीच्या फोनला लोभ फसतो, इथे माया फसते. नातू परदेशात, त्याचंच काही असेल का? मला विचाराल तर इथे ओ न देण्यात निष्ठुरपणा नाही. खरी गरज असलेला माणूस एका रिंगवर थांबत नाही; पुन्हा करतो, मेसेज टाकतो. आणि आपल्या पैशावर तो भामटा उद्या दुसऱ्या आजीला गाठतो, ती कसली दया?

काळजी वाटली तर नातवाच्या नेहमीच्या नंबरवर व्हॉट्सॲप कॉल लावा. आयएसडी लागत नसेल तर कंपनीला सांगून बंद करून घ्या. ‘संचार साथी’च्या ‘चक्षू’वर तक्रारही करता येते, घरातल्या मुलांना सांगा, ती भरून देतील.