परिटाच्या शेतापाशी

(वाचन : यशया ७:१-१३, ३६:१-३, ३७:१४-२०)



धुणे वाळत घालणे हा काय मननाचा विषय झाला, असे आपल्यापैकी कोणी विचारील. परंतु ज्या घरात पावसाळ्याचे चार महिने रोज दोन बादल्या ओले कपडे पिळून ठेवलेले असतात, त्या घरातून हा प्रश्न येणार नाही. आम्ही राहतो पेडण्यात. उत्तरेस तेरेखोलची नदी, दक्षिणेस शापोऱ्याची, पश्चिमेस समुद्र, आणि मिरग लागला की वरूनही पाणीच. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा या चार महिन्यांत. मोपाच्या पठारावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. पण त्याच पठाराखालच्या घरांतून बाळाची दुपटी आजही शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवावी लागतात.

मात्र पाऊस सरल्यावर याच कामात केवढा आनंद असतो! दसऱ्याच्या सुमारास पहिले कडक ऊन पडते. आमची पत्नी घरातील चादरी, गोधड्या, उशांचे अभ्रे सारे काढून धुते. नऊच्या सुमारास दव उडाले की दोरीवर घालते. वाऱ्याने चादर शिडासारखी फुगते. संध्याकाळी ती काढताना तिला जो वास येतो, तो कोणत्याही बाटलीत विकत मिळत नाही. हे आम्ही लिहितो खरे, पण पिळण्याचे आणि झटकण्याचे श्रम घरोघरी बहुधा बायकांच्याच वाट्याला येतात, हेही आम्ही येथे कबूल करतो.

जुनी माणसे सुंभाच्या दोन पदरांना पीळ देऊन दोरी बांधीत आणि कपड्याचे टोक त्या पिळात अडकवीत; चिमट्याची गरज नसे. मुंबईस महालक्ष्मीच्या धोबीघाटावरही अशाच पिळाच्या दोऱ्या दिसतात. कपडा वाळण्याचे मर्मही या माणसांना ठाऊक होते. नुसते ऊन पुरत नाही, वारा हवा. हवा आधीच ओलाव्याने भरलेली असली तर ती कपड्यातले पाणी घेणार कोठे? वारा ती हवा हलवितो आणि कोरडी हवा आणून देतो. म्हणून चादर दुहेरी घालू नये, दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवावे, रंगीत कपडा उलटा करावा. सारांश एवढाच की, कपड्याचा जेवढा भाग उघडा, तेवढा तो वाळेल.

आणि जो झाकून राहील, तो कुबेल. पावसाळ्यात कपड्याला जो वास येतो, तो मळाचा असतो असे नाही. स्वच्छ धुतलेल्या कपड्यालाही तो येतो. २०१२ साली जपानमधील संशोधकांनी असे दाखविले की मोराक्सेला जातीचा एक सूक्ष्म जंतू धुतल्यावरही कपड्यात टिकून राहतो आणि ओलावा रेंगाळला की वाढून हा वास उत्पन्न करतो. म्हणजे कपडा धुतला एवढ्याने काम संपत नाही. धुवून ओलाच घडी घातला, तर तो नाकाला धुतलेला वाटतच नाही.

आता आपण पवित्र शास्त्राकडे वळू. इ. स. पूर्व ७३४ च्या सुमारास यहूदाचा राजा आहाज मोठ्या संकटात होता. अराम आणि इस्राएल या दोन राज्यांनी मिळून यरुशलेमेवर चाल केली होती. रानातली झाडे वाऱ्याने हलावीत तसे राजाचे आणि प्रजेचे हृदय हलले, असे यशया सांगतो. अशा वेळी देवाने संदेष्ट्याला राजाकडे पाठविले. कोठे? राजवाड्यात नव्हे, मंदिरातही नव्हे. वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परिटाच्या शेताच्या रस्त्यावर. जेथे परीट वस्त्रे धूत आणि वाळत घालीत, ती ही जागा. आजूबाजूला उघड्यावर पसरलेली वस्त्रे, आणि त्यांच्यामध्ये मनात काहीतरी लपवून उभा असलेला एक राजा!

यशया त्याला म्हणाला की शांत राहा, भिऊ नको, हवे तर देवाकडे चिन्ह माग. यावर आहाजाने दिलेले उत्तर मोठे भक्तिभावाचे आहे. मी चिन्ह मागणार नाही, परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही, असे तो म्हणाला. शब्द कसे स्वच्छ, धुतलेले! पण २ राजे १६ वाचले म्हणजे आतली घडी उलगडते. मंदिरातले आणि राजवाड्यातले सोनेरुपे काढून त्याने अश्शूरच्या राजाला पाठविले होते आणि त्याचे दास्य पत्करून मदत मागितली होती. भक्तीची भाषा वर आणि भीतीचा ओलावा आत. परिटाच्या शेतापाशी उभा राहूनही आहाजाने आपले मन वाळत घातले नाही.

आहाजाला दोष देणे सोपे आहे. म्हणून आम्ही आमचेही सांगतो.

आमच्या धुण्याच्या दोरीचे एक टोक आमच्या पडवीच्या खांबाला आणि दुसरे टोक गडग्यापलीकडे, शेजाऱ्यांच्या फणसाला बांधलेले होते. आमचे शेजारी गणेशचतुर्थीला घरी गणपती आणणारे कुटुंब. वीस वर्षे ही दोरी अशीच होती. एका उन्हाळ्यात आम्ही ढासळलेला गडगा नव्याने रचून घेतला. गडगा हातभर पुढे सरकला, असे शेजारी म्हणाले. आम्ही म्हणालो की मुळीच नाही. शब्दाला शब्द वाढला. त्या संध्याकाळी त्यांनी फणसाची गाठ सोडली आणि दोरीची नीट गुंडाळी करून गडग्यावर ठेवली. आम्ही तो अपमान मानला.

तो पावसाळा आमच्या घराने पडवीत, खुर्च्यांच्या पाठीवर आणि चुलीवरच्या दांड्यावर कपडे वाळवून काढला. रविवारच्या घरगुती प्रार्थनासभेत आम्ही मात्र सांगत होतो की, आम्ही शेजाऱ्यांना मनातून क्षमा केली आहे. एका रविवारी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दाखल्यावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो. अंगात पांढरा सदरा होता, पण पुरता न वाळता घडी घातलेला. बोलता बोलता आमच्याच अंगाचा कुबट वास आमच्या नाकात शिरला. समोर बसलेल्या एका लहान मुलाने नाक धरले आणि त्याच्या आईने त्याचा हात खाली ओढला. प्रवचन आम्ही कसेबसे संपविले.

तरीही आम्ही गडगा ओलांडला नाही. आमच्याच अंगणात, माडाच्या सावलीत, एक आखूड दोरी बांधली.

श्रावणात एके दिवशी उघडीप पाहून पत्नीने त्या दोरीवर सारे कपडे घातले, आणि आम्ही उभयता आरोंद्यामार्गे वेंगुर्ल्यास एका आजारी बंधूच्या भेटीला गेलो. परतताना पुलावरच पावसाने गाठले. घरी आलो तो दोरी रिकामी. इतक्यात गडग्याच्या पलीकडून हाक आली, "वयनी, पावस इलो म्हणान कपडे मियां काडून हाडले. सुके आसत, न्हेया." शेजारच्या वहिनींच्या पडवीत आमचे कपडे घड्या घालून ठेवले होते. त्या स्वतः गडगा ओलांडून भिजत आल्या होत्या. त्यांच्या पदरातून अजून पाणी निथळत होते.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पिता आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवितो, हे प्रभूचे शिक्षण (मत्तय ५:४५) आम्ही कितीदा तरी शिकविले होते. ते आमच्याशी आचरून दाखविले त्यांनी. दुसऱ्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांना हाक मारून जुन्या चिऱ्याच्या खुणेपासून त्यांच्यादेखत अंतर मोजले. गडगा खरोखरच हातभर पुढे गेला होता. आम्ही त्यांची क्षमा मागितली. आमची पत्नी मागे उभी होती आणि त्यांची मुलेही पाहत होती. सर्वांसमोर ते बोलणे फार जड गेले. पाऊस ओसरल्यावर गडगा मागे घेतला.

बंधुभगिनींनो, आपले धुणे चारचौघांना दिसू नये, असे सर्वांनाच वाटते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात कित्येक वसाहतींत अंगणात कपडे वाळत घालण्यास मनाई होती. २००८ साली तेथील सरकारने ती उठविली. आपल्याकडेही पुष्कळ गृहसंस्था बाहेर दोरी बांधू देत नाहीत. कपड्यांचे एक वेळ चालेल. परंतु आत्म्याला असा आडोसा मानवत नाही. ख्रिस्ताचे रक्त आपल्याला शुद्ध करते, असे योहान लिहितो, तेव्हा त्याच वचनात तो प्रकाशात चालण्याविषयीही बोलतो (१ योहान १:७). धुणे आणि उजेड यांची त्याने ताटातूट केलेली नाही. देवासमोर मागितलेली क्षमा शेजाऱ्याच्या दारापर्यंत गेली नाही, तर ती ओल्या घडीसारखी आतल्या आत कुबते.

आहाजाची गोष्ट तेथेच संपत नाही. ज्या अश्शूरला त्याने लपून बोलाविले, त्याच अश्शूरचा सरदार इ. स. पूर्व ७०१ मध्ये सैन्यासह येऊन त्याच परिटाच्या शेताच्या रस्त्यावर उभा राहिला. आता गादीवर आहाजाचा मुलगा हिज्कीया होता. पुढे त्याला धमकीचे पत्र आले. ते त्याने दडविले नाही. तो मंदिरात गेला आणि ते पत्र त्याने परमेश्वरासमोर पसरले. बापाने जे घडी घालून ठेवले, ते मुलाने उलगडून वाळत घातले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आणि देवाने त्याची प्रार्थना ऐकली.

आज आपल्या घरात कोणती घडी ओली आहे? भावाशी अबोला, हिशेबातील लबाडी, की हातभर सरकविलेला गडगा? ती आजच बाहेर काढावी. ऊन पाडणे आपल्या हाती नाही. दोरी बांधणे आणि कपडा उलगडणे आपल्या हाती आहे.

आमच्या दोरीचे टोक पुन्हा फणसाला आहे. गाठ शेजाऱ्यांनी स्वतःच्या हाताने मारली. आता पावसाचा पहिला थेंब पडला की दोन्ही घरांतून एकदमच हाक उठते, आणि ज्याचे हात मोकळे असतील तो सर्वांचे कपडे काढतो.

प्रभू आपणा सर्वांना प्रकाशात पसरण्याचे धैर्य देवो. आमेन.