खिळे कुणासाठी?

मिनेसोटातली दोन मराठी भावंडं. धाकट्याने जुनी स्नोमोबिल घेतली आहे. तिच्या रबरी पट्ट्यात स्टड, म्हणजे कार्बाइडच्या टोकाचे खिळे, बसवायचे की नाही, हे ठरत नाहीये.

भाऊ : ताई, या गाडीचा ब्रेक फक्त पट्ट्याला लागतो. पुढच्या स्कींना ब्रेकच नाही. गोठलेल्या तळ्यावर नितळ बर्फ लागला की पट्टा थांबतो, पण गाडी घसरत जाते. कधी शेपूट फिरून पुढे येतं.

ताई : म्हणजे जिवाची भीती.

भाऊ : माझ्या एकट्याच्या नाही. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरणारी माणसं बसलेली असतात, सोबत पोरं असतात. ब्रेक समोरच्यासाठी असतो.

ताई : खरंय. मी याला हौस समजत होते. पण समोरचा आणखी एक आहे. हिंकलीहून डलूथला जाणारी मंगर ट्रेल आठव. जुन्या रेल्वेमार्गावरची डांबरी वाट. हिवाळ्यात स्नोमोबिल, उन्हाळ्यात आमच्या सायकली. बर्फाचा थर पातळ झाला की खिळे थेट डांबरात शिरतात.

भाऊ : म्हणून तर डांबरी सार्वजनिक वाटांवर खिळे बसवलेल्या गाड्यांना राज्यात मनाई आहे.

ताई : मनाई नसती तर?

भाऊ : गेलो असतो. डांबर पुन्हा घालता येतं, पोर परत आणता येत नाही.

ताई : पोराला वाचवायचा दुसरा मार्ग आहे. हळू चालव.

भाऊ : नितळ बर्फावर हळू गाडीही वळत नाही.

ताई : पण खिळे बसल्यावर तू हळू चालवशील? तळ्यावर कायद्याने ताशी 50 मैलांपर्यंत जाता येतं. पकड वाढली की वेग आपोआप वाढतो.

(मला हाच प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. मिळालेली सुरक्षितता आपण लगेच वेगात खर्च करतो, आणि तळ्यावरच्या पोराच्या वाट्याला काहीच उरत नाही.)

भाऊ : मग या हिवाळ्यापुरते बसवून बघू?

ताई : पट्ट्याला भोकं पाडावी लागतात ना? खिळे काढले तरी भोकं राहणार.

भाऊ : हो. शिवाय मागची पकड वाढली की स्कींखालच्या पट्ट्याही धारदार कार्बाइडच्या हव्यात, नाहीतर वळणावर गाडी सरळच जाते.

ताई : मग आधी सांग, फिरणार कुठे?

भाऊ : बहुतेक तळ्यांवर.

ताई : तर बसव. मंगर ट्रेल मात्र सोडायची.

भाऊ : कायमची? मित्र सगळे तिथूनच जातात.

ताई : कायमची. त्यांना आजच सांगून टाक, म्हणजे ऐनवेळी मोह होणार नाही.