तळाच्या पाण्याची चाल

शास्त्रपाठ : लूक ५:१-११, लूक २४:१३-३५



पवित्र शास्त्रात मासे धरण्याची गोष्ट आली की आपल्या डोळ्यांपुढे जाळे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. पेत्र व आंद्रिया, याकोब व योहान हे गालील समुद्रावर जाळी टाकणारे लोक होते. गळाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत एकदाच येते, ती मत्तयाच्या १७ व्या अध्यायाच्या अखेरीस. मंदिराचा कर द्यावयाचा होता. प्रभूने पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले, आणि जो पहिला मासा येईल त्याच्या तोंडात नाणे मिळेल असे सांगितले.

जाळ्यात एका ओढीत पुष्कळ मासे येतात. गळाला येतो तो एकच. मंडळीच्या कामातही हे दोन प्रकार आहेत. सुवार्तासभा किंवा नाताळची मोठी उपासना हे जाळ्याचे काम. शब्बाथशाळेचा आठ-दहा मुलांचा वर्ग, दुखणाइताच्या खाटेशेजारची अर्ध्या तासाची भेट, वर्षभर देवळात न दिसलेल्या कुटुंबाच्या दारावरची थाप, हे गळाचे. जाळ्याच्या कामाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ह्या दुसऱ्या कामाविषयी थोडे लिहावे असे आम्हांस वाटते, व त्यासाठी वाचकांस दूरच्या नद्यांवर नेणार आहोत. त्या नद्यांत आम्ही स्वतः उभे राहिलेलो नाही. जाणत्यांनी लिहून ठेवले आहे ते वाचले आहे.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत, ज्या नद्या पॅसिफिक महासागरास मिळतात त्यांत स्टीलहेड नावाचा मासा येतो. जात रेनबो ट्राउटचीच. पण हा नदीत जन्मतो, काही वर्षे तेथे वाढतो, मग समुद्रात जातो, आणि तेथे दोन-तीन वर्षे काढून चांगला तीन-चार किलोचा होऊन बहुधा जन्माच्याच नदीत अंडी घालण्यास परततो. त्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवितो. हिवाळ्यात नदीत शिरलेला स्टीलहेड फारसे खात नाही. पाणी चार-पाच अंश सेल्सिअसपर्यंत थंड झालेले असते, आणि मासा तळाजवळ सुस्त होऊन राहतो. आमिष अगदी समोरून गेले तर घेईल. चार हातांवरून गेले तर जागचा हलणार नाही. त्याला धरावयास हजार वेळा गळ फेकावा लागतो, असे तिकडे म्हणतात.

ह्या माशासाठी तेथील पुष्कळ लोक फ्लोट लावून गळ टाकतात. फ्लोट म्हणजे दोरीला बांधलेली तरंगती काडी. आपल्याकडेही नदीवर मुले मोरपिसाची काडी किंवा भेंडाचा तुकडा गळाच्या दोरीला बांधतात. कोकणात व गोव्यात गरी टाकणाऱ्यांस तर हे समजावून सांगावयास नको. काडीच्या खाली दोरी, दोरीला शिशाचे मणी, वर मोठे व गळाकडे लहान होत गेलेले, आणि शेवटी गळ व आमिष. आमिष पुष्कळदा गाबोळीचे, बारीक जाळीच्या कापडात पुरचुंडी करून बांधलेले. रचना इतकी साधी की ह्यात शिकावयाचे ते काय, असे कोणासही वाटावे.

शिकावयाचे असते ते पाण्याविषयी. नदीचे पाणी वरपासून खालपर्यंत एकाच वेगाने वाहत नाही. तळाच्या दगडगोट्यांशी घासून खालचे पाणी मंदावते, वरचे धावते. फ्लोट वरच्या पाण्यात, आमिष खालच्या. फ्लोटला मोकळे सोडले की तो वरच्या पाण्याबरोबर पळतो आणि आमिषाला मागून ओढीत नेतो. नवशिक्यास काठावरून सारे ठीक दिसते, कारण फ्लोट सुरेख चाललेला असतो. पण खाली, जेथे मासा आहे तेथे, आमिष आजूबाजूच्या पाण्याहून वेगाने पळत असते. मासा ते घेत नाही. इतर माशांच्या अंड्यांपैकी काही सुटून तळाने गडगडत येतात. ती त्याच्या ओळखीची आहेत, आणि ती अशी पळत नाहीत.

म्हणून जाणता मनुष्य फ्लोटला आवरून धरतो. त्याची काठी लांब असते, सुमारे १३ फूट, म्हणजे दोरी शक्य तितकी पाण्याच्या वर राहते. दोरी पाण्यावर पडून तिला प्रवाहाने बाक आला तर तो बाकच फ्लोटला ओढू लागतो. मग काठीचे टोक उचलून दोरी अलगद प्रवाहाच्या वरच्या अंगास टाकावी लागते. रीळ पुष्कळांचे सेंटरपिन जातीचे असते. इंग्लंडात ट्रेंट नदीकाठी, नॉटिंगहॅमच्या बाजूस, अशा रिळांची जुनी परंपरा आहे. त्याला अडकण नाही. चाक आसावर मोकळे फिरते, प्रवाहच दोरी उलगडून नेतो, आणि आवर घालावयाचा तो चाकाच्या कडेवर टेकलेल्या बोटाने. बोट हलके टेकले की फ्लोट किंचित मागे राहतो, त्याचे वरचे टोक प्रवाहाच्या वरच्या अंगास कलते, आणि आमिष पुढे होऊन तळाच्या पाण्याच्या चालीने चालू लागते. मग माशाला प्रथम दिसते ते आमिष. शिसे व दोरी मागून येतात. बोट फार दाबले तर मात्र आमिष तळ सोडून वर उचलले जाते व काठाकडे वळते. तेही व्यर्थच.

वाचकहो, आपल्या बोलण्याची चाल बहुधा वरच्या पाण्याची असते. ज्या घरी मृत्यू होऊन चार दिवस झाले आहेत तेथे आपण जातो, खुर्चीवर बसतो न बसतो तोच देवाच्या इच्छेविषयी बोलू लागतो, एक अध्याय वाचतो, प्रार्थना करतो आणि घड्याळ पाहतो. बोललेले सर्व खरे असते. वाचलेले वचन तर सत्यच असते. पण त्या घरातील विधवा बहीण अजून त्या रात्रीपाशीच आहे, जेव्हा दवाखान्यात न्यावयास वाहन मिळाले नाही. आपले वचन तिच्या डोक्यावरून वाहून गेले. शब्बाथशाळेतही हेच होते. ठरलेला धडा चाळीस मिनिटांत संपला पाहिजे, सोनेरी वचन पाठ करून घेतले पाहिजे, हजेरी भरली पाहिजे. मागच्या बाकावरचा मुलगा आज गप्प का, हे विचारावयास वेळ कोठून आणावा? धडा वेळेवर पुरा झाला ह्याचे समाधान शिक्षकास वाटते. आम्हांस हे समाधान फार घातक वाटते. कारण फ्लोट डौलात चालला असता खाली काय होत आहे ते त्यातून कळत नाही.

आता अम्माऊसची वाट पाहा. यरुशलेमेपासून ते गाव साठ स्तदींवर, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरवर होते. क्लयपा व त्याचा सोबती चालले आहेत, आणि उठलेला प्रभू त्यांच्याजवळ येऊन त्यांच्याबरोबर चालू लागतो. पुनरुत्थानाची वार्ता, जगातील सर्वांत मोठी वार्ता, खुद्द त्याच्यापाशी आहे. ती तो पहिल्याच पावलाला सांगत नाही. तुम्ही कशाविषयी बोलत आहा, असे विचारतो. ते म्लानमुख होऊन उभे राहतात. कोणत्या गोष्टी घडल्या, असे तो पुन्हा विचारतो. ज्याच्याच बाबतीत त्या घडल्या तो विचारतो! आणि त्यांना सारे सांगू देतो: आशा होती, ती मोडली, स्त्रियांनी काही सांगितले, पण त्याला तर कोणी पाहिले नाही. एवढे सर्व बोलून झाल्यावर मग तो बोलतो, आणि तेव्हा मात्र हात राखून बोलत नाही. त्यांच्या मतिमंदत्वाबद्दल त्यांना खडसावतो, व मोशेपासून आरंभ करून शास्त्र उलगडतो. गावाजवळ येताच पुढे जाण्याचा रोख दाखवितो; ते आग्रह करतात तेव्हाच आत जातो. स्टीलहेडचे जाणकार सांगतात की हा मासा शोधावा तो माणसाच्या चालण्याइतक्या वेगाच्या पाण्यात, जेथे धावते पाणी व संथ पाणी एकमेकांस भिडते तेथे. प्रभूही त्या दिवशी माणसाच्या चालण्याच्या वेगानेच गेला.

आवरून धरणे म्हणजे गप्पच बसणे नव्हे, हेही ह्याच अध्यायात आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले; त्यांनी केलेल्यांत तेच उत्तम होते असे आम्ही समजतो. पण कित्येक सज्जन सभासद वर्षानुवर्षे शेजाऱ्याच्या सुखदुःखात जातात, चहा घेतात, आणि ज्या नावाकरिता गेले ते नाव ओठांवर आणीत नाहीत. ते बोट फार दाबून धरतात.

खोलीविषयी थोडे सांगितले पाहिजे. फ्लोट व गळ ह्यांमधील दोरी किती ठेवावी हे प्रत्येक डोहात नव्याने ठरवावे लागते. आधी थोडी ठेवतात, मग वाढवीत जातात. आमिष तळाला लागून फ्लोट अडखळू लागला की किंचित कमी करतात. तळाच्या वर वीतभर ते हातभर असे आमिष चालले पाहिजे. काल ज्या मापाने मासा मिळाला ते माप आज पुढच्या डोहात निरुपयोगी. सात वर्षांच्या मुलांना व पंधरा वर्षांच्या मुलांना एकच टिपण वाचून दाखविणाऱ्या शिक्षकांनी ह्याचा विचार करावा. शिवाय जाणता मनुष्य आधी पायांजवळचे पाणी तपासतो, मग दूर फेकतो. नवशिका तडक पाण्यात शिरतो आणि काठाजवळचे मासे पळवून लावतो. आपली स्वतःची घरे हे ते काठाजवळचे पाणी आहे. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

कोणी म्हणेल, गळाला आमिष लावणे ही फसवणूक आहे. माणसांच्या बाबतीत ही उपमा कशी चालेल? शंका रास्त आहे. आमोस व हबक्कूक ह्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांत गळ येतो तो बंदिवासाची व जुलमाची खूण म्हणून. ह्याच कारणाने लूकच्या ५ व्या अध्यायातील १० वे वचन बारकाईने वाचावे. तेथे प्रभू पेत्राला पुढे तू माणसे धरशील असे सांगतो, आणि मूळ ग्रीक क्रियापद 'झोग्रेओ' आहे. त्याचा अर्थ जिवंत धरणे. मासळी बाजारात जावयाची ती मरून जाते. पेत्राला मिळालेले काम जिवंत ठेवण्याचे आहे. नव्या करारात हा शब्द आणखी एकदाच येतो, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात २:२६ येथे, आणि तेथे पाश सैतानाचा आहे. धरण्याचे काम दोघेही करतात. म्हणून माणूस धरला एवढ्यावर भागत नाही. धरल्यावर त्याचे काय झाले हे पाहावे लागते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नैसर्गिकरीत्या वाढलेला स्टीलहेड गळाला लागला तर तो सोडून द्यावा असा नियम आहे, आणि नद्यांत उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो. ह्या नियमामागे मोठे दुःख आहे. २०१८ साली तेथील तज्ज्ञ समितीने थॉम्प्सन व चिल्कोटिन ह्या नद्यांतील स्टीलहेड नाहीसे होण्याच्या धोक्यात असल्याचे तातडीने जाहीर केले. अंडी घालण्यास परतलेल्या माशांचा अंदाज एका ठिकाणी १७७ व दुसऱ्या ठिकाणी ५८ इतकाच निघाला. समुद्रात जगणारे कमी झाले, आणि परतणाऱ्यांपैकी कित्येक, दुसऱ्या जातीच्या सॅमन माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत अडकून मेले. त्यांना धरावे असे त्या जाळेवाल्यांच्या मनातही नव्हते. आपल्या मंडळ्यांतून तरुण माणसे नाहीशी होतात तेव्हाही, त्यांना घालवावे असे बहुधा कोणाच्याच मनात नसते. मोठे कार्यक्रम, वर्गण्या, निवडणुकांतील भांडणे ही दुसऱ्याच कशासाठी लावलेली असतात.

सोडावयाचा मासा पाण्याबाहेर काढीत नाहीत. ओल्या हातांनी, शेपटीजवळ व पोटाखाली आधार देऊन, तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच धरून ठेवतात. कल्ले पुन्हा नीट चालू लागेपर्यंत मिनिट लागो की पाच मिनिटे, धरणारा थंड पाण्यात वाकून उभा असतो. ढकलीत नाहीत. बळ आले की मासा आपणच शेपटीचा एक हिसडा देतो आणि हातांतून निघून जातो. पॅसिफिकमधील बहुतेक सॅमन एकदा अंडी घालून मरतात. स्टीलहेडपैकी काही मात्र पुन्हा समुद्राला जातात, आणि पुन्हा त्याच नदीत येतात.