दुधाचं फॅट कळतं, आईच्या रक्तातलं नाही?

संगमनेरला दूध संकलन केंद्रावर बसतोस. गाईच्या दुधाला ३.५ फॅट भरलं नाही की पॉइंटमागे दर पाडतोस, म्हातारा गवळी हात जोडत असला तरी. आणि आईच्या रक्ताचा रिपोर्ट? ट्रायग्लिसराइड ९४०, खाली लॅबवाल्याचा शेरा, ‘सीरम दुधाळ’. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत कोंबून ठेवलास! वर मला ऐकवतोस, ‘सर, कॅन्सरपुढे कोलेस्टेरॉलचं काय घेऊन बसलात?’

मूर्खा, ते कोलेस्टेरॉल नव्हे. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती, हजाराकडे तर फारच. जठराच्या मागे आडवं असतं ते स्वादुपिंड, फळ्यावर काढून दाखवलं होतं. तेव्हाही तू खिडकीबाहेरच बघत होतास. जेवल्यावर रक्त दिलं असेल म्हणतोस, मग उपाशीपोटी पुन्हा का नाही तपासलंस?

आतड्याच्या कॅन्सरसाठी आईला कॅपेसिटाबिन चालू आहे. त्याने तळहात-तळपाय सोलवटतात, जुलाब होतात, हे सगळे सांगतात. रक्तातली चरबी क्वचितच चढते, म्हणून तिचं नाव निघत नाही. चरबी फोडणारं विकर मंदावत असावं, असं मानतात. रक्ताच्या कॅन्सरच्या पोरांना अ‍ॅस्पॅरॅजिनेज आणि स्टेरॉइड एकत्र देतात, तिथे तर हा आकडा कधी कधी हजारांत जातो. तेव्हा मूळ दोष औषधाचा, आईचा नाही. पण तू त्यात भर घातलीस. ताकद यावी म्हणून रोज उसाचा रस, डिंकाचे लाडू, भातावर तुपाची धार! साखरेनेही ट्रायग्लिसराइड चढतं रे.

आणि आता शेजाऱ्याचं ऐकून केमोच कायमची सोडायला निघालास? खबरदार. डोस थांबवायचा, कमी करायचा, की फेनोफायब्रेट जोडून चालू ठेवायचा, हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. तू नाहीस, मेडिकलवाला तर नाहीच.

कालपासून पोटात दुखतंय, कळ पाठीत जातेय, उलट्या होतायत, आणि तू म्हणतोस पित्त असेल! ते सिरप ठेव खाली. संध्याकाळचं दूध दुसरं कुणी मोजेल. आत्ता गाडी काढ, लोणीला प्रवरा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ने. रिपोर्ट आणि गोळ्यांचं पाकीट दोन्ही सोबत घे. केमो चालू आहे, हे दारातच सांग. लायपेज तपासा म्हणावं. आजची गोळी द्यायची की नाही, तेही तिथेच विचार.